सिरिंजवरची एक रेघ

देवळ्याच्या बाजारपेठेत मला कवी म्हणून ओळखणारी माणसे मोजकीच. पण २०२१ च्या हिवाळ्यात सगळी गल्ली मला थांबवून एकच प्रश्न विचारायची, "चाचा, मांजरले बी शुगर व्हस का?"

होते. मांजरालाही मधुमेह होतो. माणसाला उतारवयात होणाऱ्या मधुमेहाशी त्याचे पुष्कळ साम्य असते आणि त्यावर बहुतेक वेळा तेच इन्सुलिन द्यावे लागते. ते देताना सिरिंजवरची एक बारीक रेघ सांभाळावी लागते. त्या रेघेमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो मला फार उशिरा, आणि एका चुकीमुळे कळला. आज त्या रेघेविषयीच बोलायचे आहे.

आमच्या बोक्याचे नाव सुलतान. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. दूध-भात आणि दूध-भाकरी खाऊन चांगला साडेसहा किलोचा झाला होता. त्या दिवाळीनंतर तो वाळू लागला. खायचा पूर्वीपेक्षा जास्त, आणि अंगावरचे मांस मात्र उतरत चाललेले. माठाखालच्या भांड्यात तोंड घालून बसायचा तो उठायचाच नाही. त्याच्यासाठी अंगणात वाळूचे घमेले ठेवले होते. एका सकाळी माझ्या बायकोने हाक मारली, "सुनते हो? जरा इधर आव." घमेल्याच्या काठावरून मुंग्यांची रांग लागली होती.

ही मुंग्यांची खूण आपल्याकडे फार जुनी आहे. चरक-सुश्रुतांच्या परंपरेने या रोगाला मधुमेह हे नाव दिले ते मूत्राच्या गोडीवरूनच, आणि त्याकडे मुंग्या धावतात हेही नोंदवले. काही रोगी जन्मतः कृश असतात, तर काहींना खाण्यापिण्याच्या अतिरेकाने हा रोग जडतो, हा फरकसुद्धा सुश्रुताने ओळखला होता. इब्न सिनाच्या 'अल-कानून'मध्ये या आजाराचे वर्णन आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरने १७७६ साली रुग्णाचे मूत्र आटवले, तेव्हा तळाशी साखरेसारखा पांढरा थर उरला. रोग ओळखता येत होता, पण त्यावर उपाय नव्हता. पुढची दीडशे वर्षे डॉक्टर रुग्णाला फक्त उपाशी ठेवू शकत होते.

मी सुलतानला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांचा हात लाळ्या-खुरकतात, घटसर्पात, अडलेल्या गाईत बसलेला. ते प्रामाणिक होते. म्हणाले, "चाचा, हे माझे काम नाही. नाशिकला न्या."

त्यात त्यांचा दोष नव्हता. आपल्याकडे जनावरांचे वैद्यक उभे राहिले तेच मुळी बैल, घोडा आणि गाय यांच्यासाठी. मुंबईत परळला १८८३ साली बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय निघाले. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी मुंबईची वाहतूक घोड्यांच्या आणि बैलांच्या जोरावर चालत होती. ते आजारी पडले की शहर अडायचे. मांजराच्या आजाराने कोणाचे काही अडत नव्हते. घरातल्या छोट्या प्राण्यांसाठी वेगळी रुग्णालये ही अगदी अलीकडची गोष्ट. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे असे मोठे रुग्णालय उघडले ते २०२४ साली.

तर भावडबारीचा घाट ओलांडून, चांदवडमार्गे आम्ही नाशिक गाठले. सुलतान सगळ्या रस्त्याने ओरडत होता. दवाखान्यात दोन कुत्री भुंकत होती. रक्त तपासले, साखर निघाली ४१२. मी घाबरलो. पण डॉक्टर तरुण आणि शांत होत्या. त्या म्हणाल्या, "यातली किती आजाराची आणि किती भीतीची, ते आधी पाहू."

भीतीची साखर? मला ते नवीन होते. घरी आल्यावर मी वाचायला घेतले, तर हा शोधच मांजरांनी लावून दिलेला निघाला. १९११ साली अमेरिकेत हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी निरोगी मांजरांवर प्रयोग केले. मांजराला बांधून ठेवले, किंवा पिंजऱ्यातल्या मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला, की थोड्या वेळाने त्याच्या मूत्रात साखर उतरायची. भीतीने रक्तात अ‍ॅड्रेनलिन वाढते. पळायला किंवा लढायला बळ हवे म्हणून यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. पुढे अवघड परीक्षा देऊन आलेल्या विद्यार्थ्यांच्याही मूत्रात कॅनन यांना साखर सापडली.

म्हणून मांजराच्या बाबतीत दवाखान्यातल्या एका आकड्यावर औषध ठरवत नाहीत. मूत्रातली साखर पाहतात, गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी करतात, आणि शक्य असेल तर घरी, त्याच्या नेहमीच्या जागी, रक्त तपासतात. सुलतानच्या सगळ्या तपासण्यांनी मधुमेह पक्का केला. घरी मोजली तेव्हा साखर तीनशेच्या आसपास होती. निरोगी मांजराची साधारण सत्तर ते दीडशे असते.

डॉक्टरांनी लिहून दिले: ग्लार्जिन इन्सुलिन, एक युनिट, सकाळ-संध्याकाळ, जेवणाबरोबर. दूध-भात बंद. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. पिष्ट पदार्थ पचवून साखर आवरण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात दुबळी असते. आम्ही लाडाने जे घालत होतो तेच त्याला बाधत होते.

आता हे 'युनिट' म्हणजे काय? आमच्या भागात माप म्हटले की क्विंटल. उमराण्याच्या बाजारात कांद्याचा भाव क्विंटलवर ठरतो. मिलिग्रॅमसुद्धा समजते. पण युनिट?

त्याची गोष्ट कुत्र्यांपासून सुरू होते. १८८९ साली स्ट्रासबुर्ग इथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. साखरेची किल्ली स्वादुपिंडात आहे हे तेव्हा कळले. ती हाती यायला आणखी तीस-बत्तीस वर्षे गेली. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यवैद्य आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना ते स्वादुपिंडाचा अर्क टोचत. मार्जोरी नावाची एक कुत्री त्या अर्कावर सुमारे सत्तर दिवस जगली. कुत्री पुरेनात, तेव्हा त्यांनी कत्तलखान्यातून गुरांची स्वादुपिंडे आणायला सुरुवात केली.

११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन दिले. ते फसले. अर्क अशुद्ध होता, टोचल्या जागी गळू झाले. मग जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिला आणि त्या मुलाची साखर उतरली.

या कॉलिपनेच पाहिले होते, की अर्क जास्त झाला की प्रयोगशाळेतले ससे थरथरतात, आचके देतात आणि बेशुद्ध पडतात. रक्तातली साखर धोक्याच्या खाली गेलेली असते. ग्लुकोज टोचले की तोच ससा उठून बसतो. तेव्हा इन्सुलिनचे वजन करून उपयोग नव्हता, कारण प्रत्येक घाण्यातले औषध कमी-जास्त जोराचे निघायचे. म्हणून सशालाच तराजू केले. चोवीस तास उपाशी ठेवलेल्या दोन किलो वजनाच्या सशाची साखर चार तासांत ४५ पर्यंत, म्हणजे आचके येण्याच्या पातळीपर्यंत, उतरवणारे औषध म्हणजे एक युनिट. पुढे ही व्याख्या बदलली, युनिट लहान झाले, शुद्ध स्फटिकांच्या वजनाशी जोडले गेले. पण शब्द तोच राहिला. आज आपल्या घरातले कोणी रोज 'दहा युनिट, बारा युनिट' म्हणते, त्या शब्दाच्या मुळाशी एका सशाचे बेशुद्ध पडणे आहे.

दोन किलोचा ससा. आमचा सुलतान तेव्हा चार किलोवर आला होता.

हे वाचताना मला अम्मीची आठवण आली. १९८०च्या दशकात तिला इन्सुलिन सुरू झाले. आमच्याकडे फ्रीज नव्हता. शेजारच्या काकूंकडे होता आणि त्यांच्या सासूबाईंनाही इन्सुलिन होते. दोघींच्या बाटल्या एकाच फ्रीजच्या दारात, एकाच खणात असायच्या. मी रोज सकाळी जाऊन अम्मीची बाटली आणायचो. त्या काळचे इन्सुलिन गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले असे. एक पौंड इन्सुलिनला आठ हजार पौंड स्वादुपिंडे लागत, तेवीस हजारांवर जनावरांची. बाटलीवर बारीक अक्षरात प्राण्याचे नाव छापलेले असे. त्यांच्या घरात ते कोणी वाचले नाही, आमच्याही घरात नाही. मी कॉलेजला गेल्यावर वाचले. दोन्ही बाटल्यांवर काय होते ते मी कोणाला सांगितले नाही, आजही सांगणार नाही. अम्मीने एकदा डॉक्टरांना विचारले होते, "ये किसका है?" डॉक्टर म्हणाले, "तुमचे आहे. घ्या." जीव वाचवण्यासाठी दुसरा मार्ग नसेल तर मनाई उठते, असे आमचा धर्म सांगतो. शेजारच्या आजींनी स्वतःला काय सांगितले ते मला ठाऊक नाही. दोघी बरीच वर्षे जगल्या.

तो प्रश्न पुढे विज्ञानाने सोडवला. फ्रेडरिक सँगर यांनी गाईच्या इन्सुलिनची पूर्ण रचना १९५५ पर्यंत उलगडली. त्यासाठी त्यांना १९५८ चे नोबेल मिळाले. एकावन्न मणी दोन सरांत ओवलेले. डुकराचे इन्सुलिन आणि माणसाचे यांत एकाच मण्याचा फरक. मांजराचे इन्सुलिन आणि गाईचे यांतही एकाच मण्याचा फरक. माणसापासून मांजर चार मणी दूर. १९७८ साली जिवाणूंकडून माणसाचे इन्सुलिन बनवून घेण्यात यश आले आणि १९८२ पासून ते विकले जाऊ लागले. २००३ साली वोक्हार्ट कंपनीने असे भारतीय बनावटीचे इन्सुलिन बाजारात आणले, तेही आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यातून. अम्मी तोवर गेली होती.

आता माझ्या चुकीकडे येतो.

आपल्याकडे माणसाच्या इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एकीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. दोघींच्या सिरिंज वेगळ्या. चाळीसच्या सिरिंजची टोपी लाल, शंभरच्या सिरिंजची नारिंगी. अनेक देशांत माणसांसाठी शंभरचीच बाटली राहिली आहे, आपल्याकडे मात्र दोन्ही शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात. सुलतानचे ग्लार्जिन शंभरचे होते. नाशिकहून आणलेल्या सिरिंज संपल्या, म्हणून मी एका मेडिकलमधून नव्या मागवल्या. "इन्सुलिनची सिरिंज द्या," एवढेच म्हणालो. त्याने लाल टोपीची दिली. मी पाहिली नाही, त्याने विचारले नाही.

चाळीसच्या सिरिंजवरची एक रेघ म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग. त्यात शंभरच्या बाटलीतले औषध भरले की एका रेघेत अडीच युनिट येतात. मी संध्याकाळी एक रेघ दिली, सकाळी एक रेघ दिली. आपण एक युनिट देत आहोत अशा समजुतीत.

दुपारी सुलतान ओट्यावरून उतरताना कोसळला. मागचे पाय फाकले, मान डोलू लागली, डोळे मोठे झाले. मी कानाच्या कडेला टोचून थेंब घेतला. यंत्रावर आकडा आला ३८. बायकोने मध आणला. बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळला. तोंडात ओतायचा नाही, ठसका लागून श्वास अडतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. फोनवर त्या सांगत होत्या आणि आम्ही करत होतो. दर दहा मिनिटांनी मध, शुद्ध आल्यावर चिकनचा तुकडा, मग गाडी करून नाशिक. तिथे त्याला रात्रभर ग्लुकोजचे सलाइन लावले. तो वाचला.

परत येताना मी ती लाल टोपीची सिरिंज खिशातून काढून पाहत होतो. अम्मीच्या वेळी अशी चूक झाली असती तर? बहुधा ती तरली असती. साठ किलोच्या माणसाला दीड युनिट जास्त झाले तर दरदरून घाम फुटतो, तो साखर मागून खातो. चार किलोच्या जिवाला तेवढे पुरते, आणि त्याला मागता येत नाही.

त्या दिवसानंतर आमच्या घरात काही नियम झाले. ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाच्या मांजरावर ही वेळ येऊ शकते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी मोठ्याने वाचायचा, दोन्ही सारखे असले तरच सुई भरायची. मांजराने खाल्ले नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचायचे नाही. दोघांपैकी एकाने टोचले की कॅलेंडरवर खूण करायची, म्हणजे दुसऱ्याच्या हातून पुन्हा टोचले जाणार नाही. एखादे दिवशी इन्सुलिन चुकले तर मांजर एका दिवसात जात नाही, पण दुप्पट झाले तर जाऊ शकते. म्हणून शंका आली तर थांबायचे. आणि आकडा वाढलेला दिसला म्हणून लगेच मात्रा वाढवायची नाही. आठवडाभर त्याच मात्रेवर राहून दिवसातली सर्वांत कमी साखर किती उतरते ते पाहायचे, मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून अर्ध्या-अर्ध्या युनिटाने पुढे जायचे. माणसाच्या यंत्रावर मांजराची साखर बऱ्याचदा खरीपेक्षा कमी दिसते, तेही डॉक्टरांना सांगून ठेवायचे.

घरी कान टोचून साखर मोजणे ही चैन वाटेल. पण मांजरांच्या मधुमेहाच्या इतिहासातले एक मोठे पाऊल घरच्या माणसांनीच टाकले आहे. २००९ साली कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी पंचावन्न मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे मालक घरीच साखर मोजून ग्लार्जिनची मात्रा जुळवत होते. त्यांतल्या ६४ टक्के मांजरांचे इन्सुलिन सुटले. रोग कळल्यावर सहा महिन्यांच्या आत ज्यांनी ही पद्धत धरली, त्यांच्यात हे प्रमाण ८४ टक्के होते. माणसाला सहसा न मिळणारी ही सवलत मांजराला मिळते. वेळेवर साखर आवरली तर त्याचे दमलेले स्वादुपिंड पुन्हा कामाला लागू शकते.

या व्यवहारात मांजराने नुसते घेतलेले नाही. १९८७ साली स्वीडनच्या पेर वेस्टरमार्क यांनी मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडातला चिकट साका तपासला. माणसाच्या स्वादुपिंडातही तसाच साका सापडतो. तो ज्या प्रथिनापासून बनतो ते प्रथिन त्यांनी ओळखले. आज त्याला अमायलिन म्हणतात. माणसाच्या मधुमेहावरच्या संशोधनात त्याने एक नवे दार उघडले. त्या मांजराचे नाव मात्र कुठे नोंदलेले मला सापडले नाही.

आता गोळ्याही आल्या आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिन या गोळीला परवानगी मिळाली. पूर्वी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना मात्र ती देत नाहीत. सुलतानला तिचा उपयोग नव्हता.

त्याचे इन्सुलिन पाचव्या महिन्यात सुटले. सात महिने तो सुईशिवाय राहिला, वजन साडेपाच किलोवर आले. मग आजार परतला आणि नारिंगी टोपीची सिरिंज पुन्हा आली. २०२४ च्या पावसाळ्यात तो झोपेतच गेला. चौदा वर्षांच्या बोक्याला मरायला एखादे कारण लागतेच असे नाही.

पैगंबरांचे एक सोबती अबू हुरैरा या नावाने ओळखले जात. त्याचा अर्थ मांजराच्या पिल्लाचा बाप. अम्मी ते नाव घेऊन आमच्याकडून गल्लीतल्या मांजरांना खाऊ घालून घ्यायची. सुलतानसाठी एवढा खर्च कशाला, असे मला अनेकांनी विचारले. तेव्हा मी अम्मीचे नाव सांगायचो. आता मला आणखी एक उत्तर सुचते. अम्मीच्या आयुष्याची शेवटची काही वर्षे कुत्र्यांनी, सशांनी, गाईंनी आणि डुकरांनी दिलेली होती. त्यातले थोडे एका बोक्याला परत गेले.

आमच्या फ्रीजच्या दारात त्याची शेवटची, अर्धी उरलेली बाटली बरेच दिवस होती. तिची मुदत संपून गेली होती. बायकोने एक दिवस ती काढली, टाकण्याआधी सवयीने तिच्यावरचा आकडा मोठ्याने वाचला, "शंभर." मीही सवयीने आतून विचारले, "और टोपी?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)